‘घेतलं’ म्हटल्यावर

“लग्न खुशाल कर. पण तो घरी आला की खुर्चीतून उठलाय का, तेवढं बघत जा,” एरियाच्या बाई मला म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. उठल्याशिवाय माणूस घरी येईल कसा?

विमानं सांभाळण्याच्या आमच्या कामात तीन जागा. आम्ही टॉवरवाले उंचावरच्या काचेच्या खोलीत बसून धावपट्टी बघतो. एरियावाले दूरवरून, उंचावरून जाणाऱ्या विमानांना वाट देतात. आणि मधे अ‍ॅप्रोच... खालच्या बिनखिडकीच्या अंधाऱ्या खोलीत बसून, चहूबाजूंनी येणारी विमानं रडारवर एका ओळीत लावून आमच्याकडे सोडणारे. तो अ‍ॅप्रोचचा. मला ठाऊक होता तो फक्त आमच्या दोन खोल्यांमधल्या थेट फोनवरचा, हॉटलाइनवरचा आवाज – किंचित बसका, घाई म्हणून नाही.

त्या दुपारी काचांवरून पावसाचे ओघळ वाहत होते. मी नुकतीच खुर्ची सोडली होती, पण जागेवरून हलले नव्हते. आमच्यात पाळी बदलताना नवा माणूस खुर्चीत बसून ‘घेतलं’ म्हणाला, तरी जुन्याने लगेच जायचं नसतं. थोडा वेळ मागे उभं राहायचं... त्याने खरंच घेतलंय ना, ते बघायला.

जिन्याचं दार उघडलं. एक भिजलेला माणूस धापा टाकत आत आला.

“लिफ्ट बंद आहे तुमची.”

तो आवाज! माझे कान गरम झाले.

“अ‍ॅप्रोच?”

“हो. शिफ्ट संपली. म्हटलं, रोज तुमच्याकडे विमानं पाठवतो, ती उतरतात की नाही बघावं तरी.”

“म्हणजे आमच्यावर विश्वास नाही?”

“तसं नाही हो... माझ्या पडद्यावर ठिपका येतो नि जातो. टेकताना कधी बघितलाच नाही.”

मी दुर्बीण त्याच्या हातात दिली. बोटं लागली... कोणी लगेच काढली नाहीत. पाण्याचे फवारे उडवत एक विमान उतरलं. “टेकलं,” तो लहान मुलासारखा पुटपुटला.

मग हॉटलाइनवर रोजचं भांडण सुरू झालं.

“तुमचं काय, खिडकीतून बघायचं आणि ‘या’ म्हणायचं!”

“आणि तुमचं? ठिपके ढकलायचे! धावपट्टीवर कुत्रा आला की निस्तरायचं आम्ही.”

“ओळ लावून कोण देतं, काचवाल्या बाई? जरा नजर हलली तर दोन ठिपक्यांचा एक होतो.”

“अंधारे, पुरे. सगळं रेकॉर्ड होतंय.”

त्याचं हे आडनाव मीच ठेवलेलं, त्याच्या खोलीवरून. रेकॉर्डिंग तपासायच्या त्या एरियाच्या बाई. त्यांनी दोघांना बोलावून घेतलं. “कोणाचं काम जास्त अवघड, याचा निकाल सरकारी फोनवर लावू नका. बाहेर बाग आहे, तिथे जाऊन भांडा.” हसू लपवायला त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

आम्ही बागेत गेलो. ओल्या बाकावर बसता येईना, म्हणून उभेच.

“असंच... जन्मभर भांडायला आवडेल?” त्याने विचारलं.

“हरायची तयारी असेल तर.”

बाईंनी तो खुर्चीचा सल्ला दिला, तो हे कळल्यावर.

बाळ झालं, मी रजेवर गेले. संध्याकाळी तो हात धुऊन बाळाला उचलायचा, “घेतलं!” म्हणायचा, आणि मी नियमाप्रमाणे मागे उभी... नियम कसला, दोघांकडे बघत राहायला आवडायचं.

मग एका वादळी सकाळी त्याच्या पडद्यावर दोन विमानं नको तितकी जवळ आली. कोणाला ओरखडाही नाही. चौकशीत त्याची चूक निघाली नाही. तो परत खुर्चीवर बसला. सगळे म्हणाले, सुटला बिचारा.

आम्ही वैमानिकाला काही सांगितलं, की तो तेच शब्द परत म्हणतो. शब्द जुळले की आम्ही निर्धास्त. त्याच सवयीने मी घरातही ऐकत राहिले.

“बरा आहेस ना?”

“बरा आहे.”

“झोप लागली?”

“झोप लागली.”

शब्द जुळत होते. माझी आई म्हणाली, “अगं, बाप झाले की गप्प होतात पुरुष.”

काल अंघोळीला जाताना मी म्हटलं, “बाळाला घेतोस?”

“बाळाला घेतलं.”

मी गेले. मागे उभी राहिले नाही.

परत आले तर बाल्कनीचं दार सताड उघडं. बाळ रांगत तिथे पोचलेलं, डोकं कठड्याच्या गजांमधून बाहेर काढू बघत होतं. आणि तो खुर्चीत, दोन्ही हात छातीशी, बाळ धरल्यासारखे... रिकामे.

मी झडप घालून बाळाला ओढलं. ते किंचाळलं, तेव्हा कुठे त्याने आपल्या हातांकडे पाहिलं.

“मी म्हटलं ना... घेतलं?”

मी ओरडणार होते. पण ते रिकामे हात त्याने अजून खाली घेतले नव्हते.

“अंधारे... कुठे आहेस तू?”

मग तो म्हणाला, “ती दोन अजून पडद्यावर आहेत गं. टेकतच नाहीत. मी उठू कसा?”

मी बाळासकट त्याच्या पायाशी बसले. त्याचे गार हात माझ्या हातात घेतले. “घेतलं,” म्हणाले. त्याने मान हलवली... पण नजर पडद्यावरच होती, जो तिथे नव्हता.

आज त्याची रजा टाकली, डॉक्टरांची वेळ घेतली. बरं होईल, असं मला कोणीही खात्रीने सांगत नाही. मघाशी मुद्दाम त्याला डिवचलं, “काहीही म्हण, टॉवरचंच काम अवघड!”

“टॉवरचंच काम अवघड,” तो म्हणाला.

एवढं सहज जिंकून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आता त्याच्या खोलीचं दार उघडं ठेवून, बाळाला मांडीवर घेऊन, इथून त्याला बघत लिहितेय. आणि तुम्ही... तुमच्या घरात कोणी तुमचेच शब्द तुम्हाला परत देत असेल, तर हे वाचणं राहू द्या. त्या खोलीत जा. ‘बरा आहेस ना’ असं विचारू नका. जवळ बसून त्याचे हात तेवढे बघा.