नामुकोलो आधी येऊन गेली

विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. ज्यांनी हे पाहिलं ती माणसं अजून जिवंत आहेत, एवढंच सांगते.

झांबियातलं लुसाका शहर. मातेरो वस्ती. ऑक्टोबरमधला शनिवार, दुपारचे दोन. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. भूत रात्रीच येतं असं माझ्या एक्सिल्डा आत्यालाही वाटायचं.

आमच्या चर्चमधल्या बायका दर शनिवारी अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात. शेंगदाणे कुटून घातलेली मक्याची पेज भरवायची, अंग पुसायचं, प्रार्थना करायची. कुणी कुणाकडे जायचं ती यादी नऊ वर्षं आत्याच्या हातात होती.

मग नामुकोलो आली.

दूर पश्चिमेच्या मोंगू गावाकडची विधवा. बोलणं कमी, गळा गोड. दोन महिन्यांत घराघरांतून एकच विचारणा सुरू झाली.

"आज नामुकोलो नाही आली?"

आत्या हसून म्हणायची, "मी आलेय ना!" पण आतून जळायची. नऊ वर्षांत तिची वाट अशी कुणी पाहिली नव्हती.

पुढच्या वर्षी नामुकोलोची मूत्रपिंडं बिघडली. ती अंथरुणाला खिळली. तिचं नाव यादीत घालायला सांगून चर्चचे पाळकबाबा मोकळे झाले.

आत्यानं ते घातलंच नाही.

कुणी विचारलं की सांगायची, "मी स्वतः जाते तिच्याकडे."

पाच शनिवार गेले. सहाव्या आठवड्यात नामुकोलो वारली. प्रेतयात्रेत सगळ्यांत मोठ्यानं रडली ती आत्याच.

त्यानंतरचा तिसरा शनिवार. म्हणजे तोच, मघाशी सांगितलेला.

आत्या पेजेचा डबा घेऊन तेंबो आजींकडे गेली. आजींचे पाय सुजलेले, जागचं हलता येत नव्हतं. एरवी डबा दिसला की त्या हात पुढे करायच्या. त्या दिवशी मान हलवली.

"जेवले गं मी. तुझी मैत्रीण भरवून गेली."

"कोण मैत्रीण?"

"नामुकोलो. अजून कोण?"

वय झालं, असं मनाशी म्हणत आत्या पुढच्या घरी गेली. झुलू मास्तर अर्धांगवायूनं पडलेले. डोकं नुकतंच धुतलेलं... केसांतून पाणी ठिबकत होतं. घरात दुसरं कुणीच नव्हतं.

"उशीर केलात, बाई," मास्तर म्हणाले. "ती आत्ताच गेली."

त्यांनी खुर्ची दाखवली. आत्यानं हात लावला.

खुर्ची गार होती. बर्फासारखी. त्या उन्हात.

पुढे आत्यानं मला काय सांगितलं ते ऐका.

"भीती नंतर वाटली गं. आधी संताप आला. मेली, तरी माझ्या आधी पोहोचते!"

पुढच्या शनिवारी आत्या तासभर लवकर निघाली. आज मीच पहिली, हे डोक्यात. तेंबो आजींच्या फाटकाशी पोहोचली आणि थबकली.

आतून गुणगुणणं येत होतं...

चर्चमधलं गाणं. आवाज ओळखीचा.

तिनं दार ढकललं. गाणं तुटलं.

आजींचे पाय घमेल्यात होते. पाणी हलत होतं... कुणीतरी नुकताच हात काढून घ्यावा तसं.

"आलीस आणि उठवलंस तिला," आजी नाराजीनं म्हणाल्या.

आत्याचा तोल गेला. "असं काय आहे तिच्यात, जे माझ्यात नाही? नऊ वर्षं तुमची हगणी-मुतणी काढली मी!"

"काढलीस की. पण तुझा डोळा दाराकडे असतो. पुढचं घर, पुढचं घर. ती बसते."

मग आजींनी आवाज खाली आणला.

"तिच्याकडे कुणीच आलं नाही म्हणाली. पाच शनिवार दाराकडे तोंड करून पडली होती. खरंय का गं?"

पाच. हा आकडा आत्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हता.

त्याच संध्याकाळी तिनं पाळकबाबांपुढे सगळं ओकलं. रविवारी बायकांच्या सभेत उभं राहून पुन्हा सांगितलं. काही रडल्या, एक-दोघी उठून गेल्या. बाकीच्यांनी तिला जवळ घेतलं. सगळ्या मिळून कबरीवर गेल्या, प्रार्थना केली. आता सुटलो, असं वाटलं.

सुटलो नव्हतो.

घराघरांत दोन खुर्च्या मांडल्या जाऊ लागल्या. चहा आधी रिकाम्या खुर्चीपुढे. आभार आधी तिकडे, मग जमलं तर आत्याला. आत्या अंग पुसायची आणि घरी येऊन म्हणायची, "माफी मागितली ना मी? अजून किती खाली मान घालू?"

मागच्या शनिवारी तेंबो आजींकडे एकच खुर्ची होती.

आत्या उभी राहिली. आजी खुर्चीकडे पाहून हसल्या.

"आज एकटीच? ती एक्सिल्डा कुठाय?"

"मी इथंच आहे, आजी."

आजींनी वळून पाहिलं नाही.

"आजी, अहो, ही काय मी!"

आत्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आजींनी माशी झटकावी तसा खांदा झटकला. त्या ऐकत होत्या... खुर्चीकडे कान देऊन. मध्येच "अरेरे" म्हणाल्या. मग मान डोलावली.

"आजारी आहे होय? मग जा की तिच्याकडे. बस तिच्यापाशी. एकटी पडली असेल बिचारी."

हे सगळं आत्यानं मला सांगितलं. आणि शेवटी पुटपुटलीच, "एकदासुद्धा माझ्याकडे बघितलं नाही गं म्हातारीनं."

आत्याला कसलाही आजार नाही. सोमवारी दवाखान्यात सगळ्या तपासण्या करून आणल्या. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहेत.

आज गुरुवार आहे.

सकाळपासून तिला बारीक ताप आहे... आणि पलंगाशेजारची खुर्ची बाहेर काढून ठेव, असं तिनं मला तीनदा सांगितलंय.

मी तीनदा काढून ठेवलीय.