बेंबीचा खांब

त्या काळी तेम्पे सरोवराच्या काठी घर विकत घेतलं म्हणून जमीन मिळत नसे. घर म्हणजे उंच खांबांवर उभं केलेलं लाकूड. व्यवहार ठरला की शुक्रवारच्या नमाजानंतर गावातले पुरुष जमत, खाली बांबू बांधत, घर खांद्यावर उचलत आणि घेणाऱ्याच्या जागेवर नेऊन ठेवत. मग तळलेली केळी आणि काळी कॉफी. आता एका हाकेला तेवढे खांदे मिळत नाहीत.

मरावियाने बावन्नाव्या वर्षी घर घ्यायचं काढलं, तेव्हा सल्ला द्यायला सगळे पुढे सरसावले. थोरला भाऊ बाचो, तिचा 'दाएंग', म्हणाला, "पुराची रेघ खांबावर कुठवर चढलीय ते बघ." वहिनी म्हणाली, "आधी पत्रे बघा, गळतात का." घरं बांधणारा म्हातारा अंबो उपे मात्र सरळ वर चढला आणि मधल्या खांबाला कान लावून बसला. त्या खांबाला घराची बेंबी म्हणतात.

मरावियाने एक दोरी आणली होती. हातमागाच्या लांबी-रुंदीच्या गाठी मारलेली. ती तिने बेंबीच्या खांबाशेजारी, खिडकीच्या उजेडात, फळ्यांवर पसरली. माग बरोबर मावत होता. तिला आणखी काही बघायचं नव्हतं.

तीस वर्षं ती भावाच्या घरात रेशीम विणत होती. पाहुणे आले, माग हलव. साखरपुडा आहे, माग हलव. पाळणा बांधायचाय, माग हलव. अर्धवट विणलेलं कापड घेऊन ती कोपऱ्याकोपऱ्यातून फिरली होती.

"लाकूड चांगलं आहे," अंबो उपे खाली येऊन म्हणाला. मग त्याने घर विकणाऱ्याला विचारलं, "तुझ्या आईने जाताना निरोप घेतला होता?"

घर सोडून लांब जायचं तर आधी बेंबीच्या खांबाला मिठी मारायची, अशी रीत.

"चार दिवसांसाठी दवाखान्यात नेली होती, अंबो. खाली गाडी थांबलेली, मिठी कुठली मारणार? तिकडेच वारली, तिकडेच पुरली."

"मग तिच्या वतीने तू मार."

त्याने घड्याळ पाहिलं, हसला आणि निघून गेला.

"दुसरं घर बघ, मराविया," अंबो उपे म्हणाला.

"दुसऱ्या घरांत म्हाताऱ्या मरत नाहीत वाटतं?"

शुक्रवारी ऐंशी जण जमले. घर रिकामं केलं होतं, दारंसुद्धा काढून ठेवली होती. बाचोने आरोळी दिली. बांबू कण्हले, माना फुगल्या, पण घर तसूभर हललं नाही.

"जेवला नाहीत का रे कुणी?"

"अरे, वर कोण बसलंय? उतरा खाली!"

सगळे हसले. बाचोने वर जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं. पुन्हा जोर लावला. या वेळी चारही कोपरे बोटभर उचलले गेले. मधला भाग तेवढा जमिनीला चिकटून राहिला.

आता कुणी हसलं नाही.

मराविया शिडी चढली. खांबाला तिने मिठी मारली नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"राहायचं तर राहा. मी कुणाला हाकलत नाही. पण माझा माग इथे बसणार, आणि तो कुणासाठी हलणार नाही."

ती खाली उतरली. पुढच्या आरोळीला घर इतकं झटकन वर आलं की पुढचे चौघे धडपडले.

घर नव्या जागी बसलं. शिडीपाशी पाय धुवायचा माठ ठेवला. दोन पुरुषांनी माग उचलून वर आणला.

पहिल्या सकाळी शिडीच्या पायऱ्यांवर ओली पावलं होती. लहानशी, बायकी. वर गेलेली, खाली आलेलं एकही नव्हतं. मरावियाने तर दाराची कडी आतून आत्ताच काढली होती. ती मागे वळली. माग खांबापासून वीतभर सरकलेला होता.

तिने खांदा लावून, इंच-इंच रेटत, तो जागेवर आणला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही.

बाचो आला. पावलं बघून त्याचा आवाज उतरला. "चल घरी. हट्ट पुरे झाला."

"तुझ्याकडे काय वेगळं होतं, दाएंग? तिथे तुम्ही दिवसाढवळ्या माग हलवत होतात."

तो कॉफी न घेताच गेला.

त्या संध्याकाळी तिने माठ रिकामा करून पालथा घातला. मग ती गाठींची दोरी घेतली आणि मागाचा पाय बेंबीच्या खांबाला करकचून बांधला.

"तुझं घर होतं, कबूल. आता माझं आहे."

सकाळी पायऱ्या कोरड्या होत्या. दोरी जशीच्या तशी. माग जागच्या जागी.

मराविया मोठ्याने हसली. तिने केस बांधले, धोटा हातात घेतला आणि मागाच्या बाकावर बसली.

बाक गरम होता.

तिचे हात क्षणभर थांबले. पण ती उठली नाही.

"जागा कमी पडत असेल," ती ताण्याकडे बघत म्हणाली, "तर तू सरक."

तिने धोटा टाकला.

बाकाचं डावं टोक हळूच खाली दबलं.