डाव्या गेजचा काटा

दवाखान्याच्या धोबीखान्याला वाफ पुरवणारा रेग्युलेटर कामातून गेला होता. तो काढून नवा बसवायचा, एवढंच काम. बॉयलर आदल्या संध्याकाळीच बंद केलेला, पाइप थंडगार. मिस्त्रीनं पस्तीस वर्षांत असे किती बसवले याची त्याला मोजदाद नव्हती, आणि त्यातला एकही पुन्हा उघडावा लागला नव्हता. हे तो कोणी न विचारताच सांगायचा.

त्याच सकाळी वरच्या मजल्यावर त्याच्या बायकोच्या पोटाचं ऑपरेशन होतं. मेहुणा म्हणाला, दाजी, आज तरी बाकावर बसा. मिस्त्रीनं त्यालाच विचारलं, मी बाक झिजवला म्हणून डॉक्टर टाके जास्त चांगले घालणार आहे का? तुझी बहीण आहे, तू बस. काही लागलं तर तळघरात फोन आहे. आणि पाने-पकड उचलून तो खाली उतरला. त्या बाकाची त्याला भीती वाटत होती, पण ते त्यानं स्वतःलाही कळू दिलं नाही.

तळघरात जाळीतला एकच दिवा. ओल्या चुन्याचा आणि गंजाचा वास. कुठंतरी थेंब पडत होता, थोड्या वेळानं तोही थांबला.

रेग्युलेटर म्हणजे काही जादू नाही. डावीकडून जोराची वाफ येते, उजवीकडं ती बेतानं सोडायची. दोन्हीकडं दाब दाखवणारं एकेक गेज. डावीकडं सहा असो की तीन, उजवीकडं दोनच ठेवायचे, हे त्याचं काम. डोक्यावर एक स्क्रू असतो. आवळला की जास्त सोडतो, पार सैल केला की काहीच सोडत नाही. नवा बसवताना तो पार सैल ठेवायचा, हा नियम. मिस्त्रीनं वाफेच्या दिशेचा बाण बघून रेग्युलेटर बसवला, बोल्ट आवळले, नियमाप्रमाणं स्क्रू सैल केला आणि चिंधीला हात पुसत गेजकडं पाहिलं.

थंड पाइपवर दोन्ही काटे शून्यावर हवेत. डावा सहावर होता. उजवा दोनावर. आणि दोन्ही हलत होते.

थरथरत नव्हते. उजवा सावकाश वर जायचा, किंचित थांबायचा, खाली यायचा. डावाही तसाच, पण आपल्या वेगळ्या लयीत. त्यानं काचेवर टिचकी मारली. गेज अडकलं असेल तर टिचकीनं सुटतं. काही फरक पडला नाही. बॉयलरवाल्याला फोन लावला, तो वैतागून म्हणाला की बॉयलरवर हात ठेवून उभा आहे, बर्फ झालाय. मिस्त्रीनं पाइपवर तळवा ठेवला. थंडच. मग त्याला उजव्याची लय ओळखीची वाटली. बत्तीस वर्षं त्याच्या शेजारी झोपून कोणी असाच श्वास घेत आलं होतं, शेवटी जरासा अडकणारा.

उजवा काटा घसरू लागला. दीड. एक.

फोन वाजला. मेहुणा होता.

"दाजी... आत काहीतरी झालंय. नर्स पळत गेली. मला कोणी सांगत नाही..."

"श्वास?"

"तुम्हाला कसं कळलं..."

मिस्त्रीनं रिसीव्हर तसाच लोंबता सोडला. स्क्रू सैल होता. त्यानंच, नियमानं, सैल केला होता. डावीकडून काही येत नव्हतं आणि उजवीकडचं होतं तेवढं संपत चाललं होतं. पाव पाव फेरा देत त्यानं स्क्रू आवळला. हात जराही हलला नाही, हे तो पुढं कितीदा तरी सांगायचा, कशाबद्दल ते न सांगता. काटा अर्ध्यावर थांबला, मग उचलला. एक. दीड. दोन. त्यानं स्क्रूवरचं नट घट्ट केलं.

लोंबत्या रिसीव्हरमधून बारीक आवाज आला, "आला... दाजी, श्वास परत आला म्हणतायत."

तेव्हा त्यानं डावीकडं पाहिलं. तो काटा सहावरून साडेपाचावर आला होता.

रेग्युलेटर दाब तयार करत नाही. एकीकडचा घेऊन दुसरीकडं देतो. हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

संध्याकाळी बायको शुद्धीवर आली आणि पहिलं वाक्य बोलली ते हात धुवून या म्हणून. तो हात धुवायला म्हणून उठला आणि थेट तळघरात गेला. डावीकडचा श्वास आपलाच असणार, असं त्यानं मनाशी धरलं होतं, आणि त्याची त्याला तक्रार नव्हती. खात्री करावी म्हणून त्यानं नाक दाबून श्वास रोखला. वीस मोजले. तीस मोजले.

डावा काटा थांबला नाही. शांतपणे वर गेला, खाली आला.

धोबीखान्याला त्यानं रेग्युलेटर टाळून बगलेच्या पाइपनं वाफ जोडून दिली. रेग्युलेटरच्या दोन्ही बाजूचे वाल्व बंद केले, चाकांना साखळी घातली, कोणी हात लावू नये म्हणून पाटी टांगली. बायको महिन्यात घरात फिरू लागली, डबे कोणी हलवले म्हणून भांडू लागली. तो रोज सकाळी तळघरात जायचा. उजवा दोनावर, जराही उतरलेला नाही. डावा मात्र उतरत होता. पाच. चार. तीन. डावा दोनाच्या खाली गेला की कुठलाच रेग्युलेटर उजव्याला सांभाळू शकत नाही.

एका सकाळी डावा सव्वादोनावर होता आणि फार सावकाश हलत होता. मिस्त्रीनं स्क्रूवर बोटं ठेवली. सैल केला तर तिकडच्याचं उरलंसुरलं वाचलं असतं, कोण असेल ते असो.

"माफ कर बाबा," तो म्हणाला, आणि हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी तो जिना उतरला. साखळी जशीच्या तशी, पाटीवर धूळ, स्क्रूवरचं नट त्यानं आवळलं तसंच. उजवा काटा दोनावर.

डावा सहावर होता. लय कालची नव्हती. भरभर वर-खाली होत होता, नुकतंच कुणी जिने चढून आल्यासारखा.