वरच्याचा पाय

दाबाखाली चालणारी भांडी तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. बॉयलर, वाफेचे नळ, हवेच्या टाक्या. भांडं लोखंडाचं असतं, हवा भरली की दाब चढतो, सोडली की उतरतो, त्यात भुताखेताला कुठे जागा नसते, हे मी गावोगावच्या कारखान्यांत फिटर लोकांना ऐकवत आलो. त्यामुळे पुढचं सांगताना मला माझीच लाज वाटते. पण सांगतो.

२००४ साली माझ्या उजव्या टाचेला जखम झाली. मधुमेहाने दोन्ही पाय बधिर झाले होते. बुटातून वर आलेला खिळा मी दिवसभर पायात घेऊन हिंडलो आणि संध्याकाळी बायकोला, विनयाला, मोज्यावर रक्त दिसलं. मग चार महिने ड्रेसिंग चाललं. शेवटी सर्जनने सांगून टाकलं की जखम भरली नाही तर पाय गुडघ्याखाली कापावा लागेल. मी घरी येऊन रडलो. विरारला लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेताना आपल्याला पाय आहेत हे माणूस धरूनच चालतो.

वसईतल्या उमेळ्याच्या एका खाजगी इस्पितळात तेव्हा ऑक्सिजनची टाकी आली होती. टाकीत दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला की तो रक्तातून जखमेपर्यंत पोचतो आणि न भरणारी जखम भरते, असं म्हणत. मी नाक मुरडलं.

"अहो, बुडत्याला काडीचा आधार," विनया म्हणाली. "जाऊन तर बघा."

टाकी बघून मात्र मी खूश झालो. जाड पोलादी, लांबट, एका टोकाला दार आणि दाराशेजारी गोल काच. माणसाला फळीवर झोपवून आत सरकवायचं, डोकं दाराकडे, पाय बंद टोकाकडे. वेल्डिंगला नाव ठेवायला जागा नव्हती. टाकी चालवणारा पीटर जवळच्याच पापडी गावचा. आधी तो समुद्रात काम करणाऱ्या पाणबुड्यांच्या टाकीवर नोकरीला होता. दाबाचा काटाही पाण्याखालच्या फुटांतच होता. त्यामुळे पीटर 'दाब वाढवतो' असं म्हणत नसे.

"खाली नेतो हां, साहेब," तो म्हणे. आणि वेळ संपली की, "चला, वर आणतो."

खाली जाताना कानांत दडे बसत, नाक दाबून ते मोकळे करायचे. हवा गरम होई. वर येताना ती गार पडे आणि टाकीत धुकं धरे. हे सगळं पुस्तकाप्रमाणे होतं.

बाहेरच्या बाकावर पीटरची मावशी बसलेली असे, रेजिनाबाई. सत्तरीच्या, हातात जपमाळ. इस्पितळ उभं होतं ती त्यांच्या माहेरची वाडी. चर्चमधली सकाळची मिस्सा झाली की त्या इथे येऊन बसत, आणि टाकीतून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारत, "पायाला काय लागलं?" लोक नाही म्हणत. त्या "बरं" म्हणून पुन्हा माळ ओढू लागत. म्हातारीचं डोकं फिरलंय असं मी धरून चाललो होतो.

पहिले काही दिवस मलाही काही लागलं नाही. मग एका सकाळी, काटा खाली स्थिरावल्यावर, कोणीतरी माझा उजवा अंगठा धरला.

त्या पायाला तीन वर्षांत काही कळलेलं नव्हतं. गरम पाणी नाही, सुई नाही, तो खिळाही नाही. आणि आता मला बोटं कळत होती, गार, थोडी बुळबुळीत. वर येऊ लागलो तशी ती सुटली.

मी पीटरकडून बॅटरी मागून टाकीचं बंद टोक तपासलं. ते कोरडं ठणठणीत होतं.

"पायाला काय लागलं?" रेजिनाबाईंनी विचारलं.

"अंगठा धरला कोणीतरी," मी हसत म्हणालो.

त्यांची माळ थांबली. "चिमटीत की मुठीत?"

"मुठीत."

घरी त्या त्यांची बोली बोलत, ती मला उमगत नसे. माझ्याशी शाळेतलं मराठी जपून बोलत. त्या दिवशी मात्र ते जपणं सुटत गेलं.

"इथं बावखल होतं आमचं," त्या म्हणाल्या. वसईत वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याला बावखल म्हणतात. इमारतीसाठी ते भरणी करून बुजवलं होतं. "मे महिन्यात गाळ काढायचो, केळींना घालायला. एक जन खाली बुडी मारायचा. एक जन काठावर पाय सोडून बसायचा. पानी एवढं गढूळ की खालच्याला वर-खाली कळायचं नाय. तो चाचपत यायचा, वरच्याचा अंगठा धरायचा, मग पायाला धरून वर. खाली मानूस असेपर्यंत वरच्यानं पाय काढायचा नाय."

"त्यापेक्षा दोर सोडायचा," मी म्हणालो. जन्माची सवय.

"दोर होता. दोर गाळात अडकतो," त्या म्हणाल्या. "माझ्या भावानं, कॉन्रॅडनं, अंगठा धरला, तेव्हा वरच्याला जळू चिकटल्यागत वाटलं. पाय काढून घेतला. तो खालीच राहिला."

"वर कोण बसलं होतं?"

रेजिनाबाईंनी आपली पावलं बाकाखाली ओढून घेतली.

आठवडाभरात ती पकड घोट्यावर आली. मग पोटरीवर. टाकीच्या उपचारावर देखरेख करणाऱ्या डॉक्टरीणबाई रोज टाचणी टोचून बघत आणि जिथपर्यंत मला कळे तिथे निळ्या पेनाने रेघ ओढत. रेघ रोज वर सरकत होती. जखमेत गुलाबी मांस भरू लागलं होतं. "चमत्कार आहे हो," त्या म्हणाल्या. हाताने जिथवर धरलं होतं तेवढाच पाय जिवंत झाला होता, हे त्यांना कसं सांगणार?

मला भीती वाटू लागली होती. साधी नाही. टाकीचं दार लागताना मी काचेतून पीटरचं तोंड शोधत असे. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, आता थांबू या का?

"आत्ता थांबलात तर पाय गेला," त्या म्हणाल्या.

बाहेर रेजिनाबाईंनी माझं मनगट धरलं. "अर्ध्यात पाय काढू नका, भाऊ. थोडं राहिलंय."

दोघींचं म्हणणं एकच होतं आणि मला पाय हवा होता. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फळीवर आडवा झालो.

काटा स्थिरावला. पकड आली ती थेट गुडघ्याखाली, आणि आता दोन हात होते. माझ्या पायावर एका माणसाचा भार होता. फळी करकरली. ते मी कानांनी ऐकलं.

"वर आणतो, साहेब," आतल्या स्पीकरवर पीटर म्हणाला.

धुकं धरू लागलं. पायांकडचं टोक दिसेना. गाळाचा वास आला, गोड, कुजक्या केळीच्या सोपटासारखा.

एक हात गुडघा सोडून मांडीवर आला.

मला माहीत होतं काय करायचं नाही. दोघींनी सांगितलं होतं.

मी पाय ओढून घेतला. होता नव्हता तेवढा जोर लावून, गुडघा वरच्या पत्र्यावर आपटेपर्यंत.

बोटं निसटत गेली. पोटरी, घोटा, टाच. शेवटी अंगठ्याला नखं लागली, आणि मग काहीच नाही.

कुठे काहीच कळेना. पाय पुन्हा मेला होता.

पीटरने दार उघडलं. त्याला आत फक्त मी दिसलो, घामाने भिजलेला. बाहेर बाकावरून रेजिनाबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"काढलास," त्या म्हणाल्या.

त्या उठल्या आणि निघून गेल्या. पुन्हा त्या इस्पितळात आल्या नाहीत.

जखम चार दिवसांत काळी पडली. सर्जनने पाय कापला तो डॉक्टरीणबाईंच्या शेवटच्या निळ्या रेघेवरच. आम्ही फ्लॅट विकून तळमजल्यावर भाड्याने राहायला गेलो. विनया मला कधी काही बोलली नाही. मी तिला टाकीतलं सांगितलंच नव्हतं.

कापलेला पाय जाणवत राहतो, असं डॉक्टर म्हणतात. पुष्कळ जणांना होतं, त्याला शास्त्रीय नाव आहे, गोळ्या आहेत. मी मान डोलावतो आणि गोळ्या घेतो.

तो पाय गार पाण्यात आहे, एवढं मी त्यांना सांगितलेलं नाही. आणि त्याचा अंगठा कोणीतरी मुठीत धरला आहे.

ओढत नाही. नुसता धरून आहे.

आता काढून घ्यायला माझ्याकडे पाय नाही.