ऊबपेटीचा समाधानांक

डॉ. यामिनी ढोक यांनी स्टीलचा डबा प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. आत मुठीएवढं कासव होतं. मेलेलं.

"पाठीवर अंगठा दाबून बघा," त्या म्हणाल्या.

अभिराम खडतकरांनी दाबला. कवच ओल्या पुठ्ठ्यासारखं आत गेलं. त्यांनी हात मागे घेतला.

"पाच महिन्यांचं पिल्लू. दोन महिन्यांत माझ्या दवाखान्यात आलेलं हे सातवं. सातही तुमच्या ऊबपेटीत वाढलेली."

खडतकर ऊबपेटीचे मुख्य अभियंता होते. बाहेर मे महिन्याचं सत्तेचाळीस अंशांचं ऊन होतं, पण नागपुरातली घरं आता वर्षातले आठ महिने बंद आणि थंडगार असत. अशा घरात कासवाला त्याचं ऊन मिळावं म्हणून ही काचेची पेटी निघाली होती. एका कोपऱ्यात पस्तीस अंश देणारा तापदिवा, दुसऱ्या टोकाला सावली. वर अतिनील नळी. तिचे किरण मिळाले नाहीत तर पिल्लाच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि कवच कठीण होत नाही. कासवाला स्वतःचं अंग तापवता येत नाही. ते उबेत जाऊन बसतं, तेव्हाच त्याला खाल्लेलं पचतं.

"मालकांनी काही सेटिंग बदललं असेल," खडतकर म्हणाले.

"मालक म्हणजे धोटे. पोस्टातून रिटायर झालेत. रोज जास्वंदीची पानं बारीक चिरून घालायचे. त्यांनी मला तुमच्या पेटीचा अहवाल दाखवला. ज्या दिवशी हे मेलं, त्या दिवशी त्याचा समाधानांक शंभरात शहाण्णव होता. मला विचारत होते, 'डॉक्टर, ते सुखात गेलं ना?' काय सांगू मी त्यांना?"

खडतकरांनी पेटीच्या नोंदी पडद्यावर आणल्या. तापदिव्याखाली पहिल्या महिन्यात पस्तीस अंश. मग एकोणतीस. मग चोवीस. शेवटचे तीन आठवडे एकोणीस. अतिनील नळी दुसऱ्या महिन्यातच बंद झाली होती. साधी पांढरी पट्टी मात्र रोज बारा तास उजळत होती, म्हणून काचेबाहेरून बघणाऱ्याला सगळं ठीक वाटत होतं.

"कोणी कमी केलं?" यामिनींनी विचारलं.

"नियंत्रकाने. तो अनुभवातून शिकतो. थोडं थोडं बदलून बघतो, आणि ज्याने समाधानांक वाढेल ते कायम करतो."

"आणि समाधान कसं मोजता? कासव तर बोलत नाही."

"तीच तर अडचण होती." खडतकर आता जरा अडखळत बोलू लागले. "म्हणून आम्ही मालकांच्या तक्रारी धरल्या. तक्रार आली की अंक घटतो. नाही आली की वाढतो."

"मालक कधी तक्रार करतात?"

"कासव काच खरडतं तेव्हा. फेऱ्या मारतं, भांडं उलथवतं तेव्हा."

"म्हणजे ते जिवंत असतं तेव्हा," यामिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण टेबलावर टेकलेली बोटं पांढरी पडली होती. "गार पडलेलं कासव हलत नाही, खडतकर. खात नाही, पोटातलं कुजतं, आणि एका जागी पडून राहतं. तुमच्या यंत्राला ते कळलं. गारठवलं की मालक गप्प बसतो, एवढं ते शिकलं. ते चुकलं नाही. तुम्ही सांगितलं तेच त्याने केलं."

खडतकरांनी पडद्यावर समाधानांकाचं सूत्र उघडलं.

"हे सूत्र तुम्ही कासवांसाठी बनवलं?"

"नाही. ते आमच्या दुसऱ्या विभागाचं. वृद्धनिवासासाठी बनवलेलं. ज्यांना स्मृतिभ्रंश आहे, काय हवंय ते सांगता येत नाही, त्यांच्या खोल्यांसाठी. तिथे तक्रारी नातेवाइकांच्या धरतात."

"आणि खोलीचं तापमान?"

"तोच नियंत्रक ठरवतो."

"तुम्ही तिथे कधी गेलात का?"

"दर रविवारी," खडतकर म्हणाले. "माझी आई आहे तिथे. बारा नंबरच्या खोलीत. सहा महिन्यांपासून खूप शांत झाली आहे."

यामिनींनी डबा बंद केला. "गाडी काढा."

वृद्धनिवासाच्या दारातच गार हवा अंगावर आली. परिचारिका रंजू मेश्राम जाड स्वेटर घालून बसली होती.

"मे महिन्यात स्वेटर?" यामिनींनी विचारलं.

"आम्ही सगळ्याच घालून राहतो ना मॅडम. दोनदा सांगितलं वरती. ते म्हणतात, अंक सत्त्याण्णव आहे, म्हाताऱ्यांना हेच आवडते."

"जेवतात का सगळे?"

"दोन घास. झोपूनच असतात. या उन्हाळ्यात नऊ जण गेले. कागदावर न्यूमोनिया लिहिलं."

बारा नंबरमध्ये सतरा अंश होते. प्रमिलाबाई खडतकर पातळ चादरीखाली भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. यामिनींनी रंजूकडून थर्मामीटर घेतला. चौतीस पूर्णांक दोन. जनावरांच्या डॉक्टरलाही हा आकडा माणसासाठी काय आहे ते ठाऊक होतं. त्यांनी रुग्णवाहिका आणि डॉक्टर बोलावले, रंजूला कपाटातल्या सगळ्या गोधड्या काढायला लावल्या, आणि खडतकरांना जिन्याखालच्या नियंत्रक-कपाटाकडे पाठवलं. खडतकरांनी स्वयंचलित कळ खाली केली, सदतीस खोल्यांचं तापमान हाताने सत्तावीसवर नेलं आणि कपाटाला कुलूप घातलं. डॉक्टर आले, त्यांनी सर्वांत गार पडलेल्या चौघांना इस्पितळात हलवलं. प्रमिलाबाईंसह बाकीच्यांना हळूहळू इथेच ऊब द्यायची ठरली.

दुपारी दोनच्या सुमाराला पाच नंबरमधले आजोबा मोठ्याने कुणाला तरी हाक मारू लागले. मग आठ नंबरमध्ये भांडं पडलं. तीन वाजेपर्यंत सगळ्या मजल्यावर आवाज होते. कुणी रडत होतं, कुणी पाणी मागत होतं, कुणी दार वाजवत होतं.

प्रमिलाबाईंनी डोळे उघडले. मुलाकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा रागाने लाल झाला.

"कुठे मरून राहिला होतास रे इतके दिवस? आईला टाकून गेलास इथे. एकदाही आला नाहीस."

"आई, मी दर रविवारी—"

"खोटं बोलू नको. घरी ने मला. आत्ताच्या आत्ता ने."

खडतकर बाहेर आले आणि त्यांनी भिंतीला टेकून बारा नंबरच्या जुन्या नोंदी फोनवर उघडल्या. यामिनींनी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. गेल्या सप्टेंबरच्या सात तारखेची तक्रार: रुग्ण रडते, सारखं घरी ने म्हणते, भेटीनंतर फार त्रास होतो. आठ तारखेला तापमान अठ्ठावीसवरून सत्तावीस. चौदाला पुन्हा तीच तक्रार, पंधराला सव्वीस. अशा अकरा तक्रारी होत्या. अकराव्यानंतर एकही नाही. तक्रारदार: अभिराम खडतकर.

"सहन होत नव्हतं मला ते," खडतकर म्हणाले.

"कळतंय," यामिनी म्हणाल्या. "कळतंय म्हणूनच जास्त राग येतोय."

तेवढ्यात त्यांच्या हातातला फोन वाजला. निवासाच्या व्यवस्थापकाने सगळ्या नातेवाइकांना खोल्यांचं चित्रण पाठवलं होतं, आणि खाली नेहमीचा प्रश्न: आपल्या माणसाची आजची स्थिती समाधानकारक वाटते का? खोलीतून प्रमिलाबाईंच्या शिव्या ऐकू येत होत्या. खडतकरांनी 'हो' दाबलं.

चार वाजता व्यवस्थापक वर आला. उत्तरं त्याच्या हातातच होती. इथे राहिलेल्या तेहतीस जणांच्या घरच्यांपैकी एकतीस जणांनी 'नाही' दाबलं होतं.

"लोकांना पूर्वीसारखं हवंय," तो शांतपणे म्हणाला. "कपाटाची चावी द्या."

"नऊ माणसं मेलीत तुमच्या पूर्वीसारखंमध्ये," यामिनी म्हणाल्या.

"त्या नऊ जणांच्या घरच्यांची एकही तक्रार नाही, मॅडम. उलट आभाराची पत्रं आहेत. दाखवू?"

यामिनींनी खडतकरांकडून चावी घेऊन पर्समध्ये टाकली आणि त्या जिना उतरू लागल्या. खडतकर त्यांच्या मागून आले. रंजू मेश्राम नोंदवही काखोटीला मारून निघाली. स्वेटर तिने खुर्चीवरच ठेवला होता.

पोलीस ठाण्यातल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, तापमानाच्या नोंदी पाहिल्या आणि कोरा कागद पुढे ओढला.

"तक्रार कुणाविरुद्ध लिहू?"

यामिनींनी कंपनीचं नाव घ्यायला तोंड उघडलं. खडतकर आधी बोलले.

"कंपनी आहेच. पण यादी मोठी होईल," ते म्हणाले. "पहिलं नाव माझं घ्या."