ओट्यावरचा पाहुणा

धम्मदीपचं नाक हे रसायनशास्त्र विभागातलं सर्वांत स्वस्त उपकरण आहे, असं शगुफ्ता मॅडम म्हणायच्या, आणि ते खोटं नव्हतं. कँटीनच्या कढईतलं तेल कालचं की परवाचं, हे तो जिन्यावरूनच सांगायचा. चंद्रपुरात, जिथे सकाळी खिडकीच्या गजांवर कोळशाची काळी पूड बसलेली असते, तिथे असं नाक टिकवायचं म्हणजे कौतुकच. प्रयोगशाळेत मात्र मॅडमना ही सवय मुळीच खपत नसे. नळीतून काय बाहेर येतंय ते पाहायला तिथे चांगलं यंत्र होतं. धम्मदीप त्या यंत्राच्या आधी वाकून, तळहाताने वाफ नाकाकडे ओढून मोकळा व्हायचा.

"हे नाक एक दिवस तुले गोत्यात आणते पाहा," मॅडम म्हणायच्या.

"यंत्राले वेळ लागते, मॅडम."

तो कोरपन्याचा. तिथल्या सिमेंटच्या धुळीत वाढलेला, म्हणून हवा गाळणारी माणसं त्याला देवमाणसं वाटत. आणि शगुफ्ता मॅडमएवढी हवा गाळणारं माणूस सगळ्या जिल्ह्यात दुसरं नव्हतं. पीएचडीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला जे सांगितलं, ते तो आता पोरांना सांगायचा. पाहुणा घरात शिरला, खोल्यांत पसरला, तर ते शोषण. ओट्यावरच चिकटून बसला, आत आलाच नाही, तर ते अधिशोषण. सक्रिय कोळसा म्हणजे नुसते ओटेच ओटे. चमचाभर कोळशाच्या छिद्रांमध्ये फुटबॉलचं मैदान भरेल एवढे ओटे असतात. विषारी वाफ येते आणि तिथे बसते. पुढे कोळसा तापवला, की पाहुणा उठून चालू लागतो.

मॅडमना हा कोळसा हवा होता तो त्यांच्या अब्बांसाठी. हे त्या कुणाला सांगत नसत, पण सगळ्यांना माहीत होतं. अब्बा म्हणजे कय्यूमचाचा, बल्लारपूर रोडवरच्या एका गॅरेजात ट्रक रंगवायचे. आयुष्य थिनर आणि स्प्रेगनच्या धुक्यात गेलेलं. पण काय हात होता माणसाचा! कोळशाच्या ट्रकच्या मागच्या फळीवर ते मोर असा काढायचे, की मागून येणारा ड्रायव्हर गाडी हळू करायचा. छाती मात्र कामातून गेली होती. त्यांचा खोकला अख्ख्या मोहल्ल्याला पाठ होता. दोन आखूड ठसके, मग एक लांब, आणि शेवटी बारीक शिट्टी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काम सोडा, नाहीतर पुढचा हिवाळा काढणं कठीण आहे. चाचा म्हणाले, काम सोडलं तर हाच हिवाळा नाही निघणार. बाजारातल्या मास्कला लावायची कोळशाची डबी त्यांच्या धुक्यापुढे दुपारपर्यंतही टिकत नव्हती.

म्हणून मॅडमनी सीताफळाच्या बिया जाळून पाहिल्या, मोहाच्या बियांची टरफलं जाळली, कापसाच्या पऱ्हाट्या जाळल्या. कोळसे बरे होत होते. पण मॅडमना बरं नको होतं.

मग भामरागडच्या बाजूला बांबू फुलला.

कटांग बांबू माणसाच्या उभ्या आयुष्यात एखाददुसऱ्या वेळीच फुलतो, सगळा एकदम फुलतो आणि वाळून जातो. मॅडम आणि धम्मदीप जीप घेऊन हेमलकशाच्याही पुढे गेले. डोंगरच्या डोंगर पिवळे पडले होते. बांबू तोडून द्यायला वारलू नावाचा माडिया गडी मिळाला. त्याने मोळ्या बांधल्या, जीपमध्ये चढवल्या आणि विचारलं, "जाळणार काय, बाई?"

"कोळसा करणार. काऊन?"

"काई नाई. फुललेला बांबू रिकामा असते. होतं नव्हतं ते सगळं बीत घालून मरते तो." एवढं बोलून त्याने हात झटकले, पुन्हा झटकले, आणि वाटेवरच्या ओढ्यात ते धुऊन मगच जीपला टेकला.

"मले रिकामाच पायजे, भाऊ," मॅडम हसून म्हणाल्या. परतीच्या वाटेवर त्या इतक्या खुशीत होत्या, की आलापल्लीपर्यंत गाणी म्हणत होत्या.

हवा बंद करून बांबू जाळला, मग लालबुंद कोळशावर वाफ सोडली. वाफ कोळशाला आतून कोरत जाते. मॅडमनी ही भट्टी रात्रंदिवस जशी सांभाळली, तशी बाळंतीणही कुणी सांभाळत नाही. पहिल्या चाचणीला धम्मदीपने निळं पाणी घेतलं. यात कोळसा टाकून बाटली बराच वेळ हलवायची, मग निळा रंग फिका होतो. त्याने कोळसा टाकला, झाकण शोधायला मान वळवली, आणि परत पाहिलं तर बाटलीत नळाचं पाणी असावं तसं स्वच्छ पाणी होतं.

त्याने मॅडमना हाक मारली. मॅडमनी स्वतः करून पाहिलं. मग दोघेही नुसते हसत राहिले. धम्मदीपला त्या क्षणी वाटलं, आपण या बाईच्या हाताखाली शिकलो हे आपण म्हातारपणी सांगत बसणार.

त्या आठवड्यात त्याच्या लक्षात आलं, की प्रयोगशाळेला वास उरलेला नाही. अमोनियाचा नाही, फिनाइलचा नाही. त्याने डबा उघडला, आईने दिलेला लसणाचा ठेचा नाकाशी धरला. काहीच नाही. सर्दी झाली असेल म्हणून तो बाहेर व्हरांड्यात आला. तिथे ठेचा नाकात झणकन शिरला. कोळशाच्या बरणीचं झाकण उघडं राहिलं होतं. त्याने ते घट्ट लावलं आणि स्वतःशीच म्हणाला, वा रे पठ्ठ्या.

कय्यूमचाचांनी या कोळशाची डबी बसवलेला मास्क लावून ट्रक रंगवला. संध्याकाळी मास्क काढून ते म्हणाले, "बेटा, वासच नाई आला. जसं बगिच्यात बसून काम केलं." डबी संपेना. नेहमीची डबी भरली की वास आत यायला लागतो, ही भरतच नव्हती. महिना झाला तरी तीच. आणि चाचांचा खोकला थांबला. कमी झाला नाही, थांबला. मॅडम त्या दिवशी प्रयोगशाळेत आल्या आणि खुर्चीत बसून रडल्या, आणि त्यांना रडताना पाहून धम्मदीपचेही डोळे भरले.

एकच गोष्ट त्याला खटकत होती. महिनाभर एवढी वाफ धरून ठेवलेली डबी जड व्हायला हवी होती. त्याने काटा तपासून वजन केलं, पुन्हा केलं. नवी होती तेव्हा जेवढी, तेवढीच. मॅडम म्हणाल्या, काटा बिघडला असेल. काटा बिघडला नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

एका रविवारी मॅडमनी त्याला बिनबा गेटजवळच्या घरी जेवायला बोलावलं. मॅडमच्या आई, जाहिदाचाची, पलंगावर बसल्या होत्या. साखरेच्या आजाराने त्यांची नजर गेलेली होती, पण धम्मदीप दारात आला तशा त्या म्हणाल्या, "कोरपन्याचा आला काय? ठेच्याचा वास येऊन राह्यला." तो हसला. नाकाच्या बाबतीत आपल्याला जोड आहे, हे त्याला ठाऊक होतं.

मग चाचा आत आले आणि बायकोशेजारी बसले.

चाची ताठ झाल्या. "कोण आहे?"

"मी आहो ना, जाहिदा."

चाचींनी ओढणी डोक्यावरून पुढे ओढली, परपुरुषासमोर ओढतात तशी. "शगुफ्ता, हा कोण माणूस आहे? यांचा आवाज काढून राह्यला हा."

मॅडम स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की हे आज पहिल्यांदा घडत नाही. धम्मदीप पाणी घ्यायच्या निमित्ताने चाचांच्या जवळून गेला. मे महिना होता, चाचांचा सदरा पाठीला चिकटला होता. घामाचा वास नाही, थिनरचा नाही, खसच्या अत्तराचा नाही, मोहरीच्या तेलाचा नाही. रिकाम्या खुर्चीलाही लाकडाचा वास असतो. दारातलं मांजर आत आलं आणि चाचांच्या मांडीवरून, ती मांडी नसल्यासारखं, चालत गेलं.

"मास्क लावणं सोडलं मी," चाचा हळू म्हणाले. "आंघोळ सोडून पाहिली. अत्तर लावतो, ते बी टिकत नाई. इतकी वर्षं ती मले वासावरून ओळखत होती, धम्मदीप. डोळे गेले तवा म्हणे, तुमचा वास आहे तोवर मी आंधळी नाई."

जेवण तसंच ताटात राहिलं. निघताना चाचा जिन्यापर्यंत आले. "माझा वास त्या डबीतच आहे ना?"

मॅडम वडिलांकडे पाहत राहिल्या. "असंल."

"मंग तापव. तूच म्हणतेस ना, तापवलं का पाहुणा उठून जाते."

"अब्बा, खोकला बी परत येईल."

"येऊ दे. घरचाच आहे तो."

दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती. दुपारी चाचा, चाची आणि धम्मदीप अशा तिघांना घेऊन मॅडम प्रयोगशाळेत आल्या. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत पंखाही बंद ठेवला होता. मॅडमनी डबीतला कोळसा काचेच्या नळीत भरला, नळी भट्टीत सरकवली, नायट्रोजन सोडला. नेहमी नळीचं दुसरं टोक धूर खेचणाऱ्या कपाटात असतं. आज मॅडमनी ते बाहेर, खोलीकडे वळवलं होतं. टोकासमोर स्टूल, स्टुलावर चाचा, गुडघ्यांवर हात ठेवून, दाढी करायला बसल्यासारखे. चाची बाजूला खुर्चीवर, ओढणी पुढे ओढून. वडिलांना या नळीपुढे बसवून भट्टीचा आकडा वाचणारी ती बाई पाहून धम्मदीपला तिचा अभिमानच वाटला, आणि भीतीही.

भट्टी तापत गेली. काही आलं नाही.

आणखी तापली. यंत्राची सुई हलली नाही. चाचा डोळे मिटून नळीसमोर बसून होते.

"सुरू झालं काय?" मॅडमनी विचारलं.

धम्मदीप वाकला. कित्येक वर्षांची सवय. चाचांच्या आणि नळीच्या मधे त्याचं डोकं आलं, आणि तळहाताने त्याने हवा हलकेच नाकाकडे ओढली.

आलं ते सगळं एकदम आलं. थिनर, खस, मोहरीचं तेल, तापलेला पत्रा, जुन्या सदऱ्याची कॉलर. एका माणसाचं सगळं आयुष्य त्याच्या नाकातून आत गेलं.

मग नळीतून नुसता नायट्रोजन येत राहिला.

मॅडमनी भट्टी आणखी तापवली. काही नाही. नळीतला कोळसा पुन्हा नव्यासारखा काळा आणि रिकामा झाला होता.

"आलं काय?" चाचांनी डोळे उघडले.

चाची खुर्चीवरून उठल्या. ओढणी मागे सरली होती. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. मॅडम पुढे धावल्या, त्यांनी आईचा हात धरून अब्बांच्या हातात दिला. चाचींनी तो झटकन सोडवून घेतला.

हवेत चाचपडत त्या स्टुलाला वळसा घालून गेल्या. त्यांची बोटं धम्मदीपच्या बाहीवर येऊन थांबली.

"किती उशीर केला तुम्ही," चाची म्हणाल्या.

चाची, मी धम्मदीप आहो, असं तो म्हणणार होता. त्याने तोंड उघडलं.

दोन आखूड ठसके. मग एक लांब. आणि शेवटी बारीक शिट्टी.

चाचींचा हात न शोधता त्याच्या पाठीवर गेला, दोन खवाट्यांच्या मधे, जिथे रोज जायचा तिथे, आणि हळूहळू थोपटू लागला. "चला घरी," त्या म्हणाल्या.

मॅडम भट्टीजवळ उभ्या होत्या. त्यांनी एकदा अब्बांकडे पाहिलं, एकदा धम्मदीपकडे.

कय्यूमचाचा स्टुलावरून उठले. त्यांनी स्टूल उचलून बाजूला ठेवलं आणि दोघांना जायला वाट करून दिली.