टाच न लावता गेलेला

"बाबा, दार लावा ना, सगळा एसी बाहेर चाललाय," मनाली स्वयंपाकघरातून म्हणाली. पण तिच्या सासऱ्यांनी, रामेश्वरांनी, दार लावलं नाही.

आखातातल्या ऊद मेथा वस्तीतल्या त्या फ्लॅटमध्ये रोज दुपारी हेच व्हायचं. सुनेचा आवाज चढायचा, आणि शहात्तर वर्षांचे रामेश्वर दाराची फट धरून पुटपुटत उभे राहायचे... कारण बाहेर पॅसेजच्या गुळगुळीत फरशीवर कोणीतरी टाच आपटत असे, आणि ती फक्त त्यांनाच ऐकू येई. ठक, ठक. मग शांतता. मग पुन्हा.

आज श्रीनाथ ऑफिसातून लवकर आला होता. बापाकडे न बघताच तो म्हणाला, "उद्याचं तिकीट काढलंय, बाबा. रत्नागिरीला काकांकडे राहा. तुम्ही दारात कोणाशी तरी बोलता, शेजारी कम्प्लेंट करतायत. मनालीला भीती वाटते."

 रामेश्वर एवढंच म्हणाले, "जाईन. फक्त शनिवारची मॅच तू खेळू नकोस."

"परत तेच?" श्रीनाथ कडवट हसला. "जिल्ह्याच्या संघात निवड झाली तेव्हा माझे बूट विहिरीत टाकलेत. स्वतः गिरणीचा पगार घेऊन फुटबॉल खेळलात आणि पोराला मैदानावर पाऊल ठेवू दिलं नाहीत. आता पन्नाशीला आलो मी. ऑफिसची मॅच आहे, वर्ल्ड कप नाही. मी खेळणार. खलास."

बाहेर टाच वाजली. ठक, ठक.

या वेळी श्रीनाथ दचकला. मनाली हातातला कप तसाच धरून बाहेर आली. "वॉचमन असेल," ती पुटपुटली, पण तिच्या आवाजात दम नव्हता.

"यहया आहे तो," रामेश्वर हळूच म्हणाले. इतक्या वर्षांत हे नाव त्या घरात कोणी ऐकलं नव्हतं. "गिरणीच्या संघात आम्ही दोघे एकाच जागेवर खेळायचो. मी दमलो की तो आत यायचा. आमची एक रीत होती... बाहेर येणाऱ्याने रेषेवर थांबून आत जाणाऱ्याच्या टाचेला दोनदा टाच लावायची. न लावता गेलेला धडपणी परत येत नाही, असं आम्ही मानायचो. पुढे पलटणीतही एकत्रच गेलो. एकाहत्तरच्या लढाईत एका पहाटे गस्तीची पाळी माझी होती. मी तापाने फणफणलेलो. माझी जर्सी गणवेशाच्या आत घालून तो गेला. मला उठवलंसुद्धा नाही..."

"मग?" श्रीनाथने विचारलं.

"भातशेतांच्या चिखलात कोणी सापडलंच नाही. तेव्हापासून तो रेषेवर उभा आहे, बदली मागतोय. मी चेंडूला पाय लावला नाही. तू खेळायला लागलास आणि वाटलं, माझ्या जागी तुलाच नेईल. म्हणून बूट बुडवले. बाप निर्दयी आहे असं समजलास... समजू दे म्हटलं, जगेल तरी."

 श्रीनाथ दाराकडे निघाला, तसे रामेश्वरांनी त्याला हाताने मागे सारलं. "तू नाही. ती जागा माझी आहे."

अनवाणी पायाने त्यांनी उंबरा ओलांडला. पॅसेज रिकामा होता. "यहया, बाहेर ये रे. पाळी माझी होती," असं म्हणून त्यांनी टाच मागे उचलली आणि हवेत दोनदा मारली. दोन्ही वेळा ती चामड्याला लागल्याचा आवाज आला.

ते कोसळताना श्रीनाथने त्यांना मिठीत धरलं. "बाबा, आत या... मला कधी सांगितलं का नाहीत? तुम्ही कुठेही जायचं नाही. तिकीट रद्द करतो मी."

उंबऱ्यावर बसवून त्याने बापाचा पाय मांडीवर घेतला. टाचेला काळा, ओला चिखल लागला होता. या शहरात कित्येक महिन्यांत पाऊस झाला नव्हता. श्रीनाथने आपल्या शर्टाने तो पुसला. त्याची आसवं त्याच पायावर पडत होती.

"मॅच किती वाजता आहे?" रामेश्वरांनी विचारलं.

"सातला."

"मी येईन. रेषेपाशी उभा राहीन. खेळ तू, मनसोक्त खेळ."

मनालीने दार ओढून घेतलं. बाहेर काहीच वाजलं नाही. श्रीनाथ मात्र तो पाय दोन्ही हातांनी चोळत राहिला, कितीतरी वेळ... आणि टाच गार ती गारच राहिली.